उंच जीप, गंजलेले पाटे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गणपती आटोपले आणि पाऊस ओसरू लागला की किनारपट्टीवरच्या गॅरेजांत जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांची रांग लागते. महिंद्राच्या एमएम ५४०, ५५०, मेजर, कमांडर आणि मारुतीच्या जिप्सी. चार महिने लाल चिखलात, ओल्या कातळावर आणि खाऱ्या हवेत काढलेल्या या गाड्या कुठे एका बाजूला कललेल्या, कुठे मागून बसलेल्या असतात. मालक म्हणतो, 'जरा उचलून द्या.' मग जो मार्ग सर्वांत स्वस्त तो त्याच दिवशी उरकला जातो. पाट्यांचे, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचे, एक टोक चासीला (गाडीच्या सांगाड्याला) टांगणारी कडी, म्हणजे शॅकल, लांब बसवली जाते, नाहीतर ट्रकच्या भंगारातला जाड पाटा कापून आत घुसवला जातो. या कामात हात असलेल्यांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. कोकणात बसलेली जीप बहुतेक वेळा उचलायची नसते, तिचे पाटे उघडून नीट करायचे असतात. ज्याला खरोखरच उंची हवी आहे त्याने पाट्यांपाशी न थांबता स्टिअरिंग, ब्रेक आणि इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टपर्यंतचा हिशेब आधी करावा.

आधी उंचीचा गैरसमज. या गाड्यांचे पुढचे आणि मागचे अ‍ॅक्सल अखंड आहेत आणि डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा त्याच हौसिंगमध्ये, म्हणजे अ‍ॅक्सलच्या कवचात, आहे. तो गोळा जमिनीपासून किती वर राहणार हे फक्त टायर ठरवतो. पाट्यांना कितीही कमान दिली तरी चासी वर जाते, गोळा आहे तिथेच राहतो. चिरेखाणीकडे किंवा आंब्याच्या बागेकडे जाणाऱ्या वाटेला दोन चाकोऱ्या खोल गेलेल्या आणि मधे जांभ्याचा उंचवटा राहिलेला असतो. तिथे घासतो तो हाच गोळा. मूळ उंचीची जिप्सी आणि तीन इंच उचललेली जिप्सी, टायर सारखेच असतील तर, त्या उंचवट्यावर एकाच जागी अडकतात. उचलल्याने बंपर चढाला टेकण्याआधी थोडा जास्त कोन मिळतो, पोटाखाली जागा मिळते आणि मोठा टायर मडगार्डमध्ये मावतो. टायरचा व्यास दोन इंच वाढला तर गोळा एक इंच वर जातो, बस्स.

पुळणीत तर उंचीचा काहीच उपयोग नाही. वाळूत गाडी तरते ती टायरच्या पसरटपणावर. ३० पीएसआयची हवा १५ ते १८ पर्यंत उतरवली की मूळ उंचीची जीप जिथून निघते, तिथे पूर्ण हवा भरलेली उंच जीप अ‍ॅक्सलपर्यंत रुतते. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरायची, एवढे पथ्य मात्र हवे. (किनाऱ्यावर गाडी घालायला बऱ्याच ठिकाणी बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण होड्या ओढायला आणि मासळी उचलायला काही गाड्यांना खाली उतरावेच लागते, त्यांच्यासाठी हे.)

आता पाट्याचे गणित. ते एकदा डोक्यात बसले की गॅरेजमधल्या निम्म्या चुका टळतात. पाट्याचा ताठरपणा रुंदीच्या आणि पाट्यांच्या संख्येच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे ६ मि.मी. पाट्याच्या जागी ७ मि.मी. पाटा घातला तर तो सुमारे ५९ टक्के जास्त ताठ होतो, ८ मि.मी. घातला तर जवळजवळ २.४ पट. पाच पाट्यांच्या सेटमध्ये तशाच जाडीचा, पूर्ण लांबीचा सहावा पाटा घातला तर वाढ साधारण २० टक्के. ट्रकचा पाटा जीपमध्ये घालणे ही काटकसर का नव्हे, ते यावरून कळावे. त्या एका जाड पाट्याने सगळा भार स्वतःकडे ओढला की बाकीचे पातळ पाटे नुसते सोबतीला उरतात. रिकामी गाडी बैलगाडीसारखी आदळते. जांभ्याच्या नालीदार रस्त्यावर चाक जमिनीला टिकत नाही, आणि घाटातल्या ओल्या वळणावर जे चाक जमिनीवर नाही त्याला पकडही नाही.

हाच घन उलट बाजूनेही मारतो, आणि कोकणात खरा प्रश्न तो आहे. गंजाने ६ मि.मी. पाटा अर्धा मिलिमीटर झिजला तर ताठरपणा २३ टक्के जातो. पूर्ण एक मिलिमीटर गेला तर ४२ टक्के. डोळ्याला पाटा तसाच दिसतो, वरून काळा रंगही मारलेला असतो. ही झीज कडेला नसून दोन पाट्यांच्या मधे असते. खारे पाणी पातळ फटीत शिरते, केशाकर्षणाने तिथेच धरून राहते आणि उन्हाळ्यापर्यंत वाळत नाही. मासळी वाहणाऱ्या गाडीला तर पाऊसही लागत नाही. बर्फ वितळून खारे पाणी हौद्यातून थेट मागच्या पाट्यांवर बारमाही ठिबकत असते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे पाटे एकमेकांपासून फाकतात, एकमेकांवर सरकायचे थांबतात आणि गाडी एकाच वेळी बसलेलीही असते आणि कडकही. मालक गोंधळतो की पाटे नरम झाले की कडक? दोन्ही. शिवाय गंजाच्या खळग्यातूनच तडा सुरू होतो.

म्हणून पहिले काम मोजमापाचे. गाडी रिकामी करून सपाट लादीवर उभी करावी आणि चारही टायरची हवा सारखी करावी. मडगार्डच्या कडेवरून उंची मोजू नये. बॉडीखालचे रबर बसले असले तरी मडगार्ड खाली येतो आणि दोष पाट्यांवर जातो. अ‍ॅक्सल हौसिंगच्या वरच्या पृष्ठभागापासून चासीच्या तळापर्यंत टेप लावावा, चारही जागी. डाव्या-उजव्यात सेंटिमीटरभर फरक चालतो, कारण चालक कायम एकाच बाजूला बसतो. दोन सेंटिमीटर निघाला तर पाटे उघडायलाच हवेत. त्याआधी पहार घालून शॅकलचे बुश (पिनभोवतीच्या रबरी नळ्या) हलवून पाहावेत. बुश खाऊन पिन अंडाकृती भोकात खेळत असेल तर तेवढ्यानेही गाडी कलते, आणि हे काम पाट्यांपेक्षा कितीतरी सोपे आहे. तिसरी तपासणी चासीची. शॅकलचा हँगर जिथे चासीला लागतो, विशेषतः मागचे टोक, तिथे चिखल साठतो. हातोडीने ठोकत जावे. खणखणीत आवाजाऐवजी भद्द आवाज आला किंवा पापुद्रा सुटला तर पाट्यांचा विचार सोडून आधी चासीचे पत्रे बदलावेत. कुजलेल्या चासीवर नवे पाटे बसवले की पहिल्याच दणक्याला हँगर उखडतो.

पाटे उतरवताना चासी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवायची आणि अ‍ॅक्सल वेगळ्या जॅकवर धरायचा, म्हणजे तो हवा तसा वर-खाली करता येतो. जीप चिऱ्यांवर टेकवून खाली शिरू नये. जांभा दिसायला भक्कम असला तरी एकाच बिंदूवर भार आला की फुटतो. पाटे अ‍ॅक्सलला बांधणाऱ्या यू बोल्टचे नट आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवावेत. तरी सुटले नाहीत तर ग्राइंडरने कापावेत. त्यात हळहळण्यासारखे काही नाही, कारण यू बोल्ट एकदा ताणला की परत वापरायचाच नसतो.

सगळ्या पाट्यांतून मधोमध जाणारा सेंटर बोल्ट उघडण्याआधी पाट्यांचा सेट दोन्ही बाजूंनी दोन मजबूत सी-क्लॅम्पनी आवळलाच पाहिजे. सेटमधला प्रत्येक खालचा, आखूड पाटा वरच्यापेक्षा थोडा जास्त वाकवलेला असतो. सुटे ठेवले तर मधे फट दिसते आणि बोल्ट आवळला की ती मिटते. हा ताण आत कोंडलेला असतो. क्लॅम्पशिवाय शेवटचा आटा सुटला की वरचा पाटा उडून तोंडावर येतो. बोल्ट काढल्यावर क्लॅम्प सावकाश ढिले करावेत.

सुटा झालेला प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने पांढरा होईपर्यंत घासावा आणि व्हर्नियरने किमान तीन जागी मोजावा. मधे एक, दोन्ही टोकांपाशी एकेक. त्याच पाट्याचा झाकला गेलेला, न गंजलेला भाग बहुधा सेंटर बोल्टपाशी सापडतो, तोच मूळ जाडीचा पुरावा. फरक अर्ध्या मिलिमीटरवर गेला की तो पाटा भंगारात. मेन, म्हणजे सर्वांत लांब, पाट्याच्या टोकाचा गोल वेढा, ज्यात बुश बसतो, त्याच्या मुळाशी आडवा तडा आहे का ते भिंगाने पाहावे. रॉकेलचे बोट फिरवून पुसावे आणि वर खडूची पूड लावावी. तडा असेल तर तासाभरात पुडीवर ओली रेघ उमटते. वरच्या पाट्यावर खालच्या पाट्याच्या टोकाने खोबण पाडली असेल तर तोही गेला. पाटा तुटतो तो बहुतेक अशाच खोबणीवर. म्हणून परत बसवताना प्रत्येक पाट्याच्या टोकाची खालची-वरची धार ग्राइंडरने गोल करावी. पाच मिनिटांचे हे काम नव्या पाट्यांनाही करावे, कारण बाजारातले पाटे पुष्कळदा सरळ कापलेलेच येतात.

कमान मारण्याविषयी इथे सर्वांत जास्त चुकीचे बोलले जाते. पाट्याचे पोलाद सिलिकॉन-मँगनीजचे, साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असलेले. ते सुमारे ८५० ते ९०० अंशांना तापवून तेलात बुडवतात आणि मग ४५० ते ५०० अंशांना परत तापवतात, तेव्हा त्यात परत येण्याचा गुण येतो. गॅस कटरच्या ज्योतीवर लाल करून वाकवलेला पाटा तो गुण हरवून बसतो. जिथे तापवला तिथे मऊ, शेजारी ठिसूळ. थंड पाटा प्रेसवर किंवा ऐरणीवर थोड्या-थोड्या अंतरावर ठोके देऊन वाकवता येतो आणि नीट केला तर उंची परत येते. पण थकलेल्या, झिजलेल्या पाट्याला दिलेली थंड कमान लवकर उतरते. त्यामुळे जाडी शाबूत असेल तरच कमान मारावी, नाहीतर नवा सेट घ्यावा. कमान मारताना एकेक पाटा वेगळा घेऊन खालच्याला वरच्यापेक्षा किंचित जास्त वाक द्यावा. सगळ्यांना एकच वाक दिला तर आखूड पाट्यांची टोके वर टेकत नाहीत, सगळा भार मेन पाट्यावर येतो आणि फटीत वाळू जाते. पाट्याला वेल्डिंग कधीच करू नये, तुटलेला जोडायला नाही आणि शॅकलचा तुकडा चिकटवायलाही नाही. टाक्याशेजारचे पोलाद काचेसारखे ठिसूळ होते आणि पुढचा तडा बरोबर तिथून जातो.

जोडण्याआधी दोन पाट्यांच्या मधे काय लावायचे? जळके ऑइल फवारण्याची जुनी सवय सोडावी. ते बुशचे रबर फुगवते, ब्रेकच्या ड्रमवर उतरते आणि अंगणातून विहिरीकडे जाते. साधे ग्रीस डांबरी रस्त्यावरच्या गाडीला चालेल, पण पुळणीत किंवा खाणीत जाणाऱ्या गाडीत ग्रीसमध्ये वाळू बसून घासणारी लुगदी तयार होते. त्यापेक्षा जस्तयुक्त प्रायमरचा एक पातळ हात देऊन तो पूर्ण वाळवावा आणि टोकांच्या घासणाऱ्या जागी कोरडे ग्रॅफाइट लावावे. मधल्या भागात, जिथे यू बोल्टची पकड बसते, तिथे रंगाचे थर चढवू नयेत. रंग दबतो, पकड ढिली होते आणि मग सेंटर बोल्ट तुटतो. सेंटर बोल्ट तुटला की लोक जाड बोल्ट घालतात. त्याचे काम फक्त जागा दाखवण्याचे आहे. अ‍ॅक्सल धरून ठेवतो तो यू बोल्ट. सेंटर बोल्ट तुटणे म्हणजे यू बोल्ट ढिले असल्याची खबर.

यू बोल्टचे चारही नट तिरक्या क्रमाने, थोडे-थोडे आवळत गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कपर्यंत न्यावेत. शॅकल आणि पाट्याच्या दुसऱ्या टोकाच्या पिनचे नट मात्र हवेत पूर्ण आवळू नयेत. गाडी चाकांवर उतरवावी, बंपरवर उभे राहून चार-सहा वेळा दाबावी आणि मग शेवटचा आवळ द्यावा. चाके लोंबकळत असताना आवळले तर रबरी बुश त्याच स्थितीत धरला जातो, गाडी उतरल्यावर कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. नव्या बुशबद्दल तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याच या एका कारणाच्या. पाटे धरणाऱ्या क्लिपाही विसरू नयेत. चाक खड्ड्यात लोंबते तेव्हा खालचे पाटे वरच्याला साथ देतात ते या क्लिपांमुळे. त्या नसतील तर मेन पाटा एकटा उलटा वाकतो. क्लिप इतकी दाबायची नाही की पाटे सरकणार नाहीत. पातळ पत्र्याचा तुकडा जाईल एवढी सैल हवी.

एवढे केल्यावर पुष्कळ गाड्या आपोआप मूळ उंचीला येतात आणि उचलण्याचा विषय संपतो. आंब्याच्या दिवसांत भार वाढतो म्हणून कायमचा जाड पाटा घालणाऱ्यांनी हेल्पर पाट्याचा विचार करावा. पेटी २५ किलोंची धरली तर वीस पेट्या म्हणजे अर्धा टन. सेटच्या तळाशी एक सरळसा, जाड पाटा असा बसवायचा की रिकाम्या गाडीत त्याची टोके वरच्या पाट्यापासून दूर राहतील आणि भार आला, सेट खाली बसला, की मगच टेकतील. दोन महिन्यांच्या भारासाठी उरलेले दहा महिने हाडे खिळखिळी करून घेण्याची गरज पडत नाही.

तरीही उंची हवीच असेल तर दोन इंचांवर थांबावे, आणि ती चांगल्या कारखान्याच्या, मुळातच जास्त कमानीच्या सेटने घ्यावी. लांब शॅकल हा सर्वांत फसवा मार्ग. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असते, म्हणून ते दोन इंच वाढवले तर अ‍ॅक्सलपाशी उंची एकच इंच मिळते. आणि शॅकल पुढच्या टोकाला असलेल्या गाडीत, जिप्सी त्यातलीच, पुढचे टोक खाली गेल्याने अख्खा अ‍ॅक्सल पुढे कलतो, कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागे कललेला कोन) कमी होतो. या जुन्या गाड्यांत कॅस्टर मुळातच तीन अंशांच्या आसपास असतो. त्यातला दीड-दोन अंश गेला की स्टिअरिंग वळणानंतर स्वतःहून सरळ येत नाही आणि महामार्गावर साठच्या वेगाला गाडी भरकटते. यावर कोनाची पाचर घालतात. पाटे अ‍ॅक्सलखाली असतील तर पाचरीची जाड बाजू पुढे हवी, पाटे अ‍ॅक्सलवर असतील तर मागे. उलटी बसवली की उरलासुरला कॅस्टरही जातो. लांब शॅकलच्या दोन पट्ट्यांमध्ये आडवा तुकडा नसेल तर ते वळणात पिळते, तेही पाहावे.

पिकअपला घालतात तसा लोखंडी ठोकळा जीपला घालण्याची कल्पनाही अधूनमधून ऐकू येते. पाटे अ‍ॅक्सलच्या खाली असताना मधे ठोकळा घातला तर गाडी उलट तेवढीच खाली बसेल.

राहिला सर्वांत मोठा बदल. अ‍ॅक्सलखालचे पाटे अ‍ॅक्सलवर आणणे. याने एकदम पाच इंचांच्या आसपास उंची मिळते, मूळचे मऊ पाटे तसेच राहतात आणि दगडाला लागणारी यू बोल्टची पट्टी वर जाते. हे फायदे खरे आहेत. पण हौसिंगवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात. त्यांचा कोन गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना ठरवायचा, टाके थोडे-थोडे आणि आलटून-पालटून द्यायचे. एकाच जागी सलग वेल्डिंग केले की हौसिंग वाकते आणि मग अ‍ॅक्सल शाफ्टचे सील गळत राहतात. सेंटर बोल्ट उलटा घालायचा, कारण त्याचे डोके आता खालच्या बैठकीच्या भोकात बसायला हवे.

बैठका लावून काम संपत नाही. स्टिअरिंग बॉक्स चासीबरोबर वर गेला, चाक खालीच राहिले, त्यामुळे ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारी दांडी) तिरपी होते. चाक खड्ड्यातून वर आले की तीच लिंक चाकाला बाजूला ढकलते आणि स्टिअरिंग हातातून झटका देते. काही ठिकाणी ड्रॅग लिंक तापवून झेड आकारात वाकवतात. स्टिअरिंगच्या दांड्याला ज्योत लावणे म्हणजे आंबा घाटाच्या उतारावर जीव त्या एका वाकावर टांगणे. नकलवर (चाक वळवणाऱ्या सांध्यावर) उंच आर्म बसवून लिंक पुन्हा आडवी करणे हाच मार्ग. पाटे वर गेल्याने अ‍ॅक्सलला पिळण्यासाठी लांब तरफही मिळते. पहिल्या गिअरमध्ये चढ घेताना किंवा जोरात ब्रेक मारताना पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा पिळतो, मागून धडधड येते आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) तुटतात. त्यासाठी हौसिंगपासून चासीपर्यंत एक दांडी लागते, आणि तिचे चासीकडचे टोक छोट्या शॅकलवर हलते ठेवावे लागते. दोन्ही टोके पक्की केली तर पाट्याला हलताच येत नाही.

प्रोपेलर शाफ्टचे गणित वेगळे करून पाहावे. शाफ्ट ६०० मि.मी. लांब असेल तर ५० मि.मी. उंचीने कोन सुमारे ४.८ अंश वाढतो, १०० मि.मी. उंचीने ९.६ अंश. मूळ कोनात ही भर. आखूड गाडीत मागचा शाफ्ट आखूड, म्हणून तिथे आधी त्रास. गाडी उचलल्यावर अ‍ॅक्सल पूर्ण लोंबकळू द्यावा, शाफ्ट हाताने फिरवून क्रॉस कुठे अडतो का ते पाहावे आणि स्लाइडिंग जोड किती आत उरला तेही मोजावे. त्याच स्थितीत ब्रेकचे रबरी पाइप ताणले जात नाहीत ना हे बघायचे. ज्या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला ब्रेकचा भार ओळखणारा व्हॉल्व्ह आहे, तिथे चासी उचलली की व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. त्याची दांडी नव्याने लावली नाही तर भरल्या गाडीत मागचा ब्रेक अपुरा पडतो.

शॉकअपही उंचीप्रमाणे बदलावा लागतो. उभ्या गाडीत दांडा साधारण निम्मा बाहेर हवा. मूळचा ठेवला तर तो पूर्ण ताणलेला राहतो आणि प्रत्येक खड्ड्यात लोंबणाऱ्या अ‍ॅक्सलचे वजन त्यालाच पेलावे लागते. लांब घातला आणि बंप स्टॉप (अ‍ॅक्सल चासीवर आदळू न देणारे रबर) खाली आणला नाही, तर दणक्यात शॉकअप आतून टेकतो आणि त्याचा ब्रॅकेट तुटतो. हेडलाइटची नजर खाली करून घ्यायची, समोरच्याच्या डोळ्यांत जाते. २०१० च्या थार सीआरडीईला पुढे पाटे नाहीत, टॉर्शन बार (पिळ घेऊन भार झेलणारे दांडे) आहेत. वरचे काहीही तिच्या पुढच्या बाजूला लागू नाही, मागच्याला मात्र आहे.

उलटण्याचा हिशेब तोंडी करता येतो. दोन चाकांमधले अंतर १३०० मि.मी. आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मि.मी. धरला, तर बाजूला तग धरण्याचे गुणोत्तर (चाकांमधल्या अंतराचे निम्मे भागिले गुरुत्वमध्याची उंची) ०.९३ येते. गाडी तीन इंच उचलली की ते ०.८४. म्हणजे दहा टक्के गेले. करूळ किंवा कुंभार्लीच्या वळणावर, टपावर माल असताना, हे दहा टक्के कुठून आणणार?

कायदाही माहीत असलेला बरा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हेच अधोरेखित केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगीबाहेर बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मूळ मापाचे पाटे, बुश, यू बोल्ट बदलणे ही दुरुस्ती आहे, ती यात येत नाही. पाटे अ‍ॅक्सलवर नेणे दुरुस्तीत बसवता येणार नाही.

यातून दोन विनंत्या. खाजगी गाडी पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि तालुक्याच्या कॅम्पमध्ये तिचे पासिंग होते. तिथे दिवे, हॉर्न आणि धूर पाहिला जातो तसा गाडीखाली बॅटरी मारून मेन पाट्याचा वेढा, यू बोल्ट आणि मागचा हँगर पाहावा. दोन मिनिटांत होते, आणि वेल्ड केलेला पाटा किंवा वाकवलेली ड्रॅग लिंक लगेच दिसते. दुसरी विनंती आपल्या जिल्ह्यांतल्या आयटीआयना. मोटार मेकॅनिकच्या मुलांना एक जुना, गंजलेला सेट उघडून, मोजून, जोडायला द्यावा. नव्या गाड्यांत पाटे उरले नसतील, पण सड्यावरच्या वाड्यांत पुढची वीस वर्षे तरी याच जीप चालणार आहेत आणि पाटे ओळखणारे हात कमी होत चालले आहेत.

मालकांसाठी शेवटचे. खाऱ्या पाण्यात किंवा पुळणीत गाडी गेली तर त्याच दिवशी, उद्या नव्हे, पाट्यांवर गोड्या पाण्याचा साधा पाइप दहा मिनिटे सोडावा. जोराच्या फवाऱ्याने वाळू फटीत आणखी आत जाते. यू बोल्ट नवे घातल्यावर १०० कि.मी. ला एकदा आणि ५०० कि.मी. ला एकदा परत आवळावेत, पुढे मिरगाच्या आधी आणि दसऱ्याच्या सुमारास. आवळून झाल्यावर नटावरून बैठकीच्या पट्टीवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. ती तुटलेली दिसली की नट फिरला आहे.

आपला,
जुन्या जीपांचे काम जाणणारा एक वाचक
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी